अव्वाला सांगता येईल असा शब्द

मी जपानला निघाले त्या सकाळी अव्वाने, माझ्या आईने, दुकानातला एक नवा ड्रेसपीस माझ्या बॅगेत घातला. आप्पांनी तो काढून परत गठ्ठ्यावर ठेवला. "घरच्या माणसाला आहेर करत न्हाईत," ते म्हणाले. "ती काय पाव्हणी हाय का?" लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. कुणाला टोपी-टॉवेल, कुणाला शर्ट-पँटचं कापड, कुणाची नुसत्या ब्लाऊजपीसवर बोळवण करायची, हे आप्पा नातं ऐकल्याबरोबर सांगायचे. लग्नसराईत लोक त्यांना विचारूनच आहेर बांधायचे. त्यामुळे त्यांचं ते वाक्य मला मायेचं वाटलं, आणि ते होतंही मायेचंच.

पुण्याची गाडी लातूरहून होती. स्टँडवर रसवंतीच्या आडोशाला अण्णा उभा होता, माझा थोरला भाऊ. आप्पांनी त्याला पाहिलं आणि पाठ फिरवून गाडीवरची पाटी वाचत राहिले. एक पाटी माणूस किती वेळ वाचणार? मी धावत जाऊन अण्णाला भेटले. त्याने हातात शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी दिली. "विठ्ठलनं कुटली," एवढंच म्हणाला.

विठ्ठल हिमायतनगरचा. अण्णा नांदेडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता, आणि दोघं एका खोलीत राहायचे. दोन मित्र खोली करून राहतात, त्यात कुणाला काय वाटायचं? पण ते मित्रांपेक्षा अधिक आहेत हे विठ्ठलच्या घरी कळलं आणि तिथून आप्पांना फोन आला. आप्पा आणि काका जाऊन अण्णाला मुरुडला घेऊन आले. दुकानामागच्या गोदामात, कापड मोजायच्या लोखंडी गजाने त्याला मारलं. मी दारावर हात आपटत होते. अव्वा देवघरात बसून राहिली. तेव्हा आप्पा त्याला काय काय म्हणाले ते लिहीत नाही; गावाकडे राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळ्यांनाच ते शब्द पाठ आहेत. अण्णासारख्यासाठी गावाकडे तेवढेच शब्द, आणि सगळ्या शिव्या. त्या दिवसापासून त्याला मुरुड बंद झालं.

इथे जपानात मी एका वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, औषधं द्यायची. त्यांच्यातल्या एक मोरी आजी. माझी भाषा सुधारावी म्हणून त्या मला त्यांच्याकडची पुस्तकं मोठ्याने वाचायला लावायच्या. पहिल्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कपाळाला कपाळ टेकवून उभे असलेले दोन पुरुष होते. मला वाटलं, भाऊ असतील. काही पानांनंतर कळलं, ते दोघं एकमेकांच्या प्रेमात होते. आजी मात्र चहा पीत मजेत ऐकत होत्या. पुढे सुट्टीच्या दिवशी मी पुस्तकाच्या दुकानात गेले, तर स्वयंपाकाच्या पुस्तकांशेजारी अशा पुस्तकांची अख्खी रांग होती. वर पाटी होती, आणि शाळेच्या गणवेशातल्या मुली निवांत पानं चाळत होत्या.

आजींनी मग मला एकेक शब्द समजावून दिला, नव्या सुनेला मसाल्याचे डबे दाखवावेत तसा. पूर्वी 'शोनेन-आई' म्हणायचे. शोनेन म्हणजे पोरगा, आई म्हणजे प्रेम. ही हळवी, डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट. मग 'याओई' आलं. उत्कर्ष नाही, शेवट नाही, अर्थ नाही, अशा तीन वाक्यांची पहिली अक्षरं जोडून केलेला हा शब्द म्हणजे लिहिणाऱ्या बायकांनी स्वतःच्याच गोष्टींची उडवलेली टर. आता पाटीवर असतं ते 'बीएल', बॉइज लव्ह. दिसायला इंग्रजी, पण जुळवलेलं इथलंच. आणि हे वाचणाऱ्या बायका स्वतःला 'फुजोशी' म्हणवतात, म्हणजे कुजलेल्या पोरी. हे सांगताना आजी तोंडावर हात ठेवून हसल्या. मला मात्र राग आला. इथे बायकांनी चहाबरोबर चघळायची गोष्ट, आणि माझ्या भावाच्या पाठीवर गजाचे वळ. शिवाय पुस्तकातले ते दोघं कायम देखणे, सडपातळ. त्यांच्यातल्या एकाच्याही बापाचं बाजारात दुकान नसतं.

आमच्या मजल्यावरचा एक सहकारी असाच आपल्या जोडीदाराबरोबर राहतो. ऑफिसात मात्र चुलतभावाबरोबर राहतो असं सांगतो. त्या पुस्तकांबद्दल विचारलं तर म्हणाला, ती आमच्याविषयी असतात, आमच्यासाठी नसतात. म्हणजे हत्तीचे दाखवायचे दात इथेही वेगळेच. पुस्तकात चालतं, घरात चालत नाही.

मी हे सगळं अण्णाला फोनवर सांगितलं. याओईचा अर्थ ऐकून तो खूप हसला; म्हणाला, हे तर आमचंच झालं. मग त्याने विचारलं,

"ह्यातला एखादा शब्द अव्वाला सांगता येईल का गं?"

त्याला काही मोठं नको होतं. विठ्ठल तुझा कोण, असं अव्वाने विचारलं तर तिला कळेल असं काहीतरी सांगावं, आणि ते सांगून झाल्यावरही घरात बसून जेवता यावं, एवढीच त्याची आशा होती.

पुढच्या नागपंचमीला मी रजा काढली. आमच्याकडे पंचमीला भाऊ मुराळी होऊन सासरच्या बहिणीला माहेरी आणतो. मी उलटं केलं, भावाची मुराळी झाले. अव्वा आप्पांशी बोलली होती, आणि आप्पा नुसतं "येऊ दे" म्हणाले होते. त्या दोन शब्दांवर मी नांदेडला गेले. विठ्ठलने खिचडी केली होती. जेवण झाल्यावर मी ताट तिथेच ठेवलं, तर म्हणाला, "ताई, ज्याचं त्यानं धुवायचं बरं का." अण्णाने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आम्ही दोघं मुरुडला निघालो.

आप्पा दारातच होते. ते म्हणाले, "या. बसा." अण्णाला बाहेरच्या बैठकीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. नांदेडला पाऊस कसा आहे ते विचारलं. अव्वाने पुरणाची दिंडं वाढली, तूप वाढलं. मला वाटलं, निभावलं. अण्णा तर दुसरं दिंड मागून जेवला.

हात धुऊन झाल्यावर आप्पा दुकानात गेले आणि टोपी, टॉवेल, नारळ घेऊन आले. अण्णाच्या कपाळाला गंध लावलं, त्याच्या डोक्यावर टोपी घातली, टॉवेल आणि नारळ हातात दिला. सगळं रीतसर, कुठेही आवाज न चढवता. अव्वाने तोंडात पदर कोंबला. इतकी वर्षं शिव्या देणाऱ्या आप्पांना शेवटी अव्वालाही सांगता येईल असा शब्द सापडला होता. पाव्हणा. आहेर नाकारू नये हे अण्णाला त्यांनीच शिकवलेलं होतं. तो वाकून पाया पडला आणि टोपी तशीच डोक्यावर ठेवून स्टँडकडे निघाला.

जपानला परतल्यावर, अण्णाचं सगळं ठाऊक असलेल्या मोरी आजींनी विचारलं, वडिलांनी पुन्हा मारलं का? मी म्हटलं, नाही, मान केला. मग मी रडते कशाला, हे काही त्यांना समजेना, आणि मलाही ते जपानीत सांगता येईना.

अण्णाचा फोन येतो. टॉवेल विठ्ठलने वापरायला काढला, कापड चांगलं आहे म्हणाला. आणखी एक गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. ह्या खेपेला मी मुरुडहून निघाले त्या सकाळी माझ्या बॅगेत सगळ्यात वर नवा ड्रेसपीस होता. अव्वाने ठेवला असेल असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि दुकानात बसलेल्या आप्पांकडे बोट दाखवलं.

मी पुन्हा जाईन. मुरुडला जाईन, बाहेरच्या बैठकीत बसेन, वाढतील ते जेवेन. पण बॅग नांदेडला ठेवीन, जिथे माझं ताट मला धुवावं लागतं.