नागलीचा पेपर

निफाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. नोकरी लागली तेव्हा आमच्याकडे विज्ञानाच्या चार शोधपत्रिका येत, त्यातल्या दोन सहा महिने उशिरा. कुणा प्राध्यापकाला एखादा शोधनिबंध हवा असला की मी पुण्यातल्या एका ओळखीच्या ग्रंथपालबाईंना पत्र टाकायचे. त्या झेरॉक्स काढून पाठवायच्या. पाकीट येईपर्यंत मागणारा विसरलेला असायचा, की आपल्याला हे कशासाठी हवं होतं. परदेशी पत्रिकांच्या वर्गण्या आमच्या आवाक्याबाहेरच्या, त्यामुळे त्यांचा विषयच निघत नसे.

म्हणून ओपन ॲक्सेस आलं तेव्हा मी मनापासून खूश झाले. जगातल्या चांगल्या पत्रिकांमधले निबंध फुकट, आणि तेही आमच्या वाचनालयातल्या खडखडणाऱ्या संगणकावर. मी त्याची प्रचारकच झाले. कार्यशाळा घेतल्या, नाशिकच्या तीन-चार कॉलेजांत जाऊन भाषणं दिली. ज्ञानाला कुलूप नको, असं म्हटलं की टाळ्या पडायच्या. वाचणाऱ्याला फुकट म्हणजे छापण्याचा खर्च बऱ्याच ठिकाणी आता लिहिणाऱ्याकडून घेतात, हे मी शेवटच्या स्लाइडवर टाकायचे. तोपर्यंत चहा आलेला असायचा.

आमच्याकडे वनस्पतिशास्त्राला तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सर होते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढंच मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये नव्याने अर्ज. असे अकरा जून त्यांनी काढले होते. पेठ तालुक्यातल्या डोंगरातलं गाव, घरी भात आणि नागली, म्हणजे नाचणी. पीएच.डी.ही त्यांनी नागलीवरच केली होती. आसपासच्या पाड्यांवरच्या बायका घरचं बियाणं कसं राखतात, कुठलं हळवं म्हणजे लवकर येणारं, कुठलं गरवं म्हणजे उशिरा येणारं, कुठलं उतारावर टिकतं, कुठल्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, हे सगळं त्यांनी सहा वर्षं फिरून लिहून काढलं होतं. माहिती देणाऱ्यांत पहिलं नाव त्यांच्या आईचं. त्या कामाचा एक मोठा निबंध तयार होता आणि तो ओपनच छापायचा, असा त्यांचा हट्ट होता.

"आमच्या पाड्यावरच्या मास्तरला मोबाइलवर उघडता आला पाहिजे," ते म्हणायचे. "नाहीतर मग मी आईचं बोलणं चोरून कपाटात ठेवल्यासारखं होईल."

हा हट्ट त्यांनी माझ्या भाषणातून उचलला होता, हे मला माहीत होतं आणि तेव्हा आवडलंही होतं.

मग आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या एका कायम जागेची जाहिरात निघाली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच निघाली होती आणि पुढची कधी निघेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. सरांकडे सगळं होतं, फक्त मान्यताप्राप्त शोधपत्रिकेतला एक निबंध कमी पडत होता. अर्जाला दोन महिने होते.

आम्ही दोघं वाचनालयात बसून पर्याय बघायला लागलो. एका चांगल्या परदेशी पत्रिकेचं शुल्क वाचून सरांनी चष्मा काढला आणि पुसून पुन्हा लावला. आकडा तोच होता. शुल्कमाफी गरीब देशांसाठी होती, आपला देश त्या यादीत बसत नव्हता. अभ्यासकांच्या एका मंडळाची पत्रिका होती. ती लिहिणाऱ्याकडूनही काही घेत नव्हती आणि वाचणाऱ्याकडूनही. पण त्यांचं परीक्षण काटेकोर, निकाल यायला वर्ष लागणार. तिसऱ्या एका पत्रिकेचं शुल्क परवडण्यासारखं होतं आणि ती पंधरा दिवसांत कळवू म्हणत होती.

"मॅडम, ही कशी आहे?"

"मान्यताप्राप्त यादीत आहे."

"नक्की ना?"

"सर, तुमच्या मागे भिंतीवर बघा. लॅमिनेट करून लावलीय."

"मग मिटलंच. या कॉलेजात लॅमिनेट झालेल्या गोष्टीला कुणी हात लावत नाही," ते म्हणाले आणि आम्ही हसलो.

खरंच तसं होतं. आमच्याकडे मूल्यांकन समिती येणार म्हटलं की सगळं लॅमिनेट होतं. ग्रंथालयाचे नियम, कॉलेजची उद्दिष्टं, पाणी जपून वापरा, सगळं. मागच्या भेटीच्या वेळी मान्यताप्राप्त शोधपत्रिकांची यादीही मीच लॅमिनेट करून घेतली होती. समितीने तिचं कौतुक केलं होतं. यादी अधूनमधून बदलते आणि नवी संकेतस्थळावर लागते, हे मला ठाऊक होतं. तपासायला पाच मिनिटं लागली असती. मी तपासलं नाही. घाईत नव्हते, आजारी नव्हते. भिंतीवर होती म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

निबंध पाठवला आणि चार दिवसांत स्वीकारल्याचं पत्र आलं. परीक्षकाचा अभिप्राय दोन ओळींचा होता. निबंध उत्तम आहे, शीर्षक ठळक अक्षरांत करावं. सरांनी तो मोबाइलवर दाखवला तेव्हा मला खटकलं. साठ पानांच्या निबंधात कुठल्याच परीक्षकाला एकही शंका येत नाही, असं होत नसतं. पण सरांनी पेढे आणले होते. मी पेढा घेतला आणि गप्प बसले. शुल्क त्यांनी दुसऱ्या दिवशी भरलं. त्या एका दिवसात मी बोलले असते तर ते थांबले असते.

निबंध लागला. पाड्यावरच्या मास्तरने तो मोबाइलवर उघडून आईला दाखवला. आई म्हणाली, माझा फोटो कुठाय? हे सरांनीच स्टाफरूममध्ये सांगितलं. त्यांचे तेवढेच पंधरा-वीस दिवस मजेत गेले असतील.

अर्जांच्या छाननीत निबंध बाद झाला. ती पत्रिका यादीतून आठ महिन्यांपूर्वीच काढलेली होती. प्राचार्यांनी मला बोलावलं. सर त्यांच्या समोर बसले होते.

"मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं यांना?"

"हो."

"लेखी?"

"नाही, तोंडी."

"मग सुटलात," प्राचार्य म्हणाले आणि फाइल मिटली. त्यांना मला दिलासाच द्यायचा होता. सर खाली बघत होते. मी छाननी समितीला लेखी कळवलं, की चूक ग्रंथालयाची आहे. समितीने ते पत्र फाइलला लावलं. निर्णय बदलला नाही, आणि नियमाने तो बदलताही येत नव्हता. भिंतीवरची यादी मी त्याच दिवशी काढून फाडायला घेतली. लॅमिनेशन हाताने फाटत नाही. शेवटी कात्री घेतली.

जागा भरली गेली. ज्या बाई आल्या त्या हुशार आहेत, चांगलं शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग आम्ही निबंध तरी वाचवायचं ठरवलं. पुढेमागे दुसरी जागा निघालीच तर तो उपयोगी पडावा, म्हणून सरांनी तो त्या अभ्यासकांच्या मंडळाच्या पत्रिकेकडे पाठवला. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. काम मोलाचं आहे, पण आधीच प्रसिद्ध झालेला निबंध घेता येत नाही. पहिल्या पत्रिकेने मागे घेतल्याचं पत्र आणा, मग बघू. सरांनी पहिल्या पत्रिकेला लिहिलं. त्यांनी मागे घेण्याचं शुल्क कळवलं, ते छापण्याच्या शुल्काहून जास्त होतं. त्यावर आम्ही दोघांनी मिळून चार पत्रं लिहिली. एकालाही उत्तर नाही. फोन लागत नव्हता. दिवाळीनंतर एक दिवस संकेतस्थळच उघडेना. आजतागायत उघडलेलं नाही.

मी मंडळाच्या संपादकांना पुन्हा लिहिलं, की आता तो निबंध जगात कुठेच दिसत नाही, तरी घ्या. त्यांनी कळवलं की दिसत नाही याचा अर्थ प्रसिद्ध झाला नव्हता असा होत नाही, आणि मागे घेतल्याच्या पत्राशिवाय त्यांचे हात बांधलेले आहेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. आमच्या कॉलेजच्या डिजिटल संग्रहात ठेवावा म्हटलं, तर तिथे मान्यताप्राप्त पत्रिकांतलेच निबंध ठेवायचे असा नियम आहे. तो नियमही एका कार्यशाळेनंतर मीच करून घेतला होता.

पुढच्या जूनमध्ये सरांनी अर्ज केला नाही. गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागले. जाताना ग्रंथालयाची काही पुस्तकं अंगावर नाहीत असा दाखला लागतो, तो घ्यायला आले. हातात कापडी पिशवी होती. विभागातलं त्यांचं कपाट रिकामं करायला सांगितलं होतं. पिशवीत पाच लांब वह्या होत्या, पाड्यांवर फिरून लिहिलेल्या. पानांवर सेलोटेपने नागलीचे दाणे चिकटवलेले, शेजारी कुणाच्या घरचे ते लिहिलेलं. काही ठिकाणी टेप सुटून दाणे पिशवीत सांडले होते.

"हे इथे ठेवून जा," मी म्हटलं. "त्यातलं बियाणं अजून कुणाकडे आहे?"

"बऱ्याच जणींकडे नाही. दोघी वारल्या. बाकीच्यांच्या घरची पोरं आता थंडीत द्राक्षांच्या कामाला इकडेच येतात. उतारावर नागली कोण लावणार?"

"म्हणूनच म्हणते. मी दाखल नोंदवहीत घेते. नंबर पडेल, कपाटात राहील."

"कशाखाली घेणार मॅडम?"

"अप्रकाशित हस्तलिखितं."

"पण प्रकाशित झालंय ना ते," सर म्हणाले. "म्हणूनच तर कुणी घेत नाही."

ते हसले. चिडून नाही, अकरा वर्षं हसायचे तसेच. मी वह्यांसाठी पुन्हा एकदा विचारलं. त्यांनी मान हलवली, आईला दाखवून मग बघतो म्हणाले, पिशवीचे बंद ओढून गाठ मारली आणि दाखल्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. मी सही केली, शिक्का मारला. पाठीमागे पुस्तकं परत करायला मुलींची रांग लागली होती.