गेणूवेळ

आबाजीपंतांचं नाव कोणी काढलं की बसाप्पा मास्तर हातातला खडू खाली ठेवत आणि अशी लाखोली वाहत की ऐकणाऱ्याची करमणूक व्हावी. शिव्या मात्र कानडीत. बाकी सगळा जन्म त्यांनी मराठीत काढला, रागाला तेवढी आईची भाषा राखून ठेवली होती.

धारवाडकडचा हा माणूस १९२८ साली हिर्डोशीच्या शाळेवर आला, तेव्हा त्याचं मराठी पुस्तकी होतं. भाकरी मागायची तरी मनात वाक्य जुळवावं लागे. ठकुबाईच्या पडवीत बिऱ्हाड मिळालं आणि मास्तरांचीच शाळा सुरू झाली. ठकुबाई एकटी होती. मुलगा भाटघरच्या धरणाच्या कामावर गेला आणि तापानं तिकडंच वारला, एवढं मास्तरांना कळलं होतं. ती त्याच्याविषयी बोलत नसे, मास्तर विचारत नसत.

बाकी मात्र ती भरपूर बोले, आणि मास्तर ते टिपून घेत. आवणी, पेंढी, उतू, मातू. दिवस कलला की ती म्हणे, "गेणूवेळ झाली, दिवा लावा मास्तर." शेजारच्या बायाही तसंच म्हणत. मास्तरांनी वहीत लिहिलं: गेणूवेळ म्हणजे तिन्हीसांज.

आजोबांकडून आलेली कानडी गोष्टींची एक पोथी त्यांच्याजवळ होती. ती मराठीत आणायला त्यांना नऊ वर्षं लागली. एकेक वाक्य ठकुबाईला वाचून दाखवायचं, तिला कळलं तर ठेवायचं, नाहीतर खोडायचं. मूल नाही, बायको नाही, जे काय होतं ते हे बाड होतं.

परक्या भाषेत लिहिणाऱ्याला धाकधूक असतेच. मास्तर ते बाड घेऊन भोरला आबाजीपंतांकडे गेले. पंत म्हणजे गावातले मोठे विद्वान. शुद्धलेखन तेवढं बघा, मास्तर म्हणाले. पंतांनी ते वर्षभर ठेवून घेतलं आणि परत देताना नाकाला उपरणं लावलं.

"मास्तर, याला कानडी वास येतो. छापू नका, हसं होईल."

मास्तरांनी बाड पेटीत टाकलं. वर्षभरानं तेच पुस्तक छापून आलं. वाक्य न् वाक्य तेच, कानामात्रेचाही फरक नाही. वर नाव आबाजीपंतांचं आणि खाली 'मूळ कानडीवरून'. पंतांना कानडीत पाणी मागता आलं नसतं.

मास्तर भोरला जाऊन भांडले. लोक म्हणाले, इतकं रसाळ मराठी कानडी माणूस कसा लिहील? पेटीतलं बाड दाखवलं, तर म्हणाले, पुस्तकावरून उतरवलं असेल. चोराला मान दिला आणि धन्याला चोर ठरवलं त्यांनी. मास्तर घाट चढून परत आले ते सुडाचा विचार करतच. पुस्तक रोज वाचत, चोरी धरण्यासाठी एखादी फट शोधत. एका पानावर पंतांनी स्वतःची म्हणून घातलेली एकुलती एक तळटीप होती: 'गेणूवेळ: मूळ संस्कृत गणनवेला. गुरे मोजून घेण्याची वेळ.'

मास्तरांनी ती ठकुबाईला वाचून दाखवली. ती सूप हातात घेऊन बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कंचं संस्कृत? माजा गेणू गुरं घिऊन यायचा ती येळ. त्यो गेल्यावर म्या तसंच म्हणत ऱ्हायले. सवं मोडवंना."

दहा वर्षं मास्तर एका पोराचं नाव शब्द समजून लिहीत आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. मग हळूहळू चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

भोरच्या वाचनालयात पंतांचा सत्कार ठरला होता. मास्तर ठकुबाईला घेऊन निघाले, वाटेत एक मुक्काम केला. पंत शालीत बसले होते. मास्तरांनी उठून अदबीनं विचारलं, "पंत, गेणूवेळ हा शब्द आपल्याला कुठं मिळाला?" पंतांनी गणनवेला सांगितली, वर दोन श्लोकही म्हटले. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत मास्तर उभे राहिले, मग त्यांनी ठकुबाईचा हात धरून तिला पुढं आणलं.

ती पंतांकडे बघत म्हणाली, "गेणू माजा ल्योक. ह्यो सबूद माज्या दारातला, हिर्डोशीभायेर कुनाला ठावं न्हाई. तुमी माज्या दारात कवा आल्तासा?"

 हिर्डोशीची वाटसुद्धा पंतांनी कधी पाहिली नव्हती, आणि ते सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शाल खांद्यावरून घसरली, ती कोणी सावरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पंत हिर्डोशीला आले, घामाघूम, पायी. दुसऱ्या आवृत्तीवर मास्तरांचं नाव येणार होतं. माझा उल्लेख टाळा, एवढंच मागणं घेऊन आले होते. मास्तरांनी त्यांना गूळपाणी दिलं आणि शब्द दिला की नाव येणार नाही.

शब्द त्यांनी पाळला. १९४० च्या त्या आवृत्तीत पंतांचं नाव कुठंच नाही. तळटीप आहे: 'गेणूवेळ: ठकुबाईंचा गेणू गुरे घेऊन घरी येई ती वेळ. पहिल्या आवृत्तीत हा अर्थ चुकला आहे. ज्यांनी चुकवला त्यांचे नाव त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर पाहावे.'