अंगठ्याखालचं बटण

माझ्या माऊसला अंगठ्याखाली एक जादा बटण आहे. ते दाबलं की समोरचा अख्खा डेस्कटॉप बाजूला सरकतो आणि दुसरा येतो. सिरसाळ्यात घरी बसून मी पुण्याच्या कंपनीचं काम करतो. ते एका डेस्कटॉपवर असतं. दुसऱ्यावर नवी नोकरी शोधतो. काम करत बसलो की वाटतं, चांगली नोकरी हातची गेली. नोकरी शोधायला लागलो की वाटतं, आता कामाची बोंब होणार. मग दिवसभर टकटक, टकटक. धड इकडं नाही, धड तिकडं नाही.

परवा आई मागं येऊन उभी राहिली. तिचा जन्म शेळ्यांमागं गेलाय. थोडा वेळ स्क्रीनकडं बघून म्हणाली, "ओढाळ शेळी अशीच करती. ह्या बांधाला तोंड लावती न लावती तोच त्या बांधाला पळती. पोट कुठंच भरत न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी खेकसलो. ती निघून गेली.

संध्याकाळी मी जेवत होतो, ती समोर बसली होती. म्हणाली, "लांबचं लई अंधुक दिसायलंय. एकदा अंबाजोगाईला दवाखान्यात नेतो का?"

मी हो हो म्हणालो. ती पुढं काही बोलेना, म्हणून वर बघितलं. तिची नजर माझ्या हातावर होती. माझा अंगठा ताटाच्या कडेवर टकटक करत होता.

"आता कोणत्या बांधाला चालला?" तिनं विचारलं.