गाठीखालचा फुटवा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासू सरलाबाई, यांच्यापुढे डोकं आपटलं तर आपलंच फुटतं, हे मला लिंबायतला नांदायला आले त्याच वर्षी कळलं. शहाण्णव साली शिरपूरला त्यांच्या भावांनी घर विकलं. घराचं काही नाही, पण परसातल्या सोनचाफ्यासाठी बाईंनी अन्न टाकलं. "तसा वास कुठल्याच चाफ्याले नही," एवढंच धरून बसल्या.

शेवटी आमचे हे कापडाच्या लूमवर खाडा करून गेले, ओल्या फडक्यात फांदी गुंडाळून आणली आणि कामरेजच्या नर्सरीत कलम बांधून घेतलं. माळ्यानं मला बजावलं, "बेन, खालचं मूळ बियांच्या रोपाचं आहे, त्याच्या वासाचा भरवसा नाही. वासाचा गुण या वरच्या फांदीत. कलमाच्या गाठीखाली फुटवा आला की लगेच खुडा, नाहीतर मूळ त्यालाच पोसत बसेल."

पुढच्या महिन्यात नव्या मालकानं शिरपूरचं झाड पाडलं. त्या वासाचं आता एवढंच उरलं होतं, आमच्या नळाजवळ, तेलाच्या डब्यात, वीतभर.

आणि फुटवा आला तो नेमका श्रावणात! कानबाई देवीचा महिना, हिरव्याला नख लावायचं नाही, हा आत्याबाईंचा दंडक. बाजारची भाजी निवडताना तो कुठे जातो, देव जाणे! "अहो, हा तुमचा नाही, खालच्याचा आहे," मी कानीकपाळी ओरडले. बाई उलट शेजारणींना हाका मारून दाखवतात, "देखा, मना माहेरना चाफा जीव धरी ऱ्हायना!" मी खुडायला गेले तर डब्यापुढे फतकल मारून बसल्या. हे चपला घालून लूमवर पसार. काय करावं अशा माणसांना!

श्रावण सरला. फुटवा हातभर झाला आणि वरची काडी वाळून खडंग. माझं डोकंच फिरलं. काडी मोडून त्यांच्या हातात दिली. "घ्या! हा तुमचा चाफा. तो उभा आहे तो कुणाचा कोण. तुमची फांदी बांधायला माळ्यानं त्याचा शेंडा छाटला होता. टाका आता उपटून!"

बाई कितीतरी वेळ काडी हुंगत बसल्या. रडल्यासुद्धा नाहीत, त्यानं मला जास्तच लागलं. मग उठून तांब्या भरून आणला आणि त्या परक्याच्या मुळाशी ओतला.

"म्हंजे त्यानी बी सोसं," म्हणाल्या. "त्याले तरी कोन शे आते? ऱ्हाऊ दे व माय."