पोटातलं रक्त

त्या दुष्काळात गावात टँकर दिवसाआड यायचा आणि मी दूध संस्थेचा चेअरमन होतो. जनावरं छावणीला गेलेली, दूध नव्हतंच. पण चेअरमन होतो. सभेत कुणी ‘पण’ म्हणायच्या आत ठराव मंजूर करण्यात माझा हातखंडा. घरातही तेच. थोरल्या मुलीचं लग्न मी बहिणीच्या मुलाशी ठरवून टाकलं. मामाची पोरगी करायची आमच्याकडं रीतच. त्यात वऱ्हाड घरचं, पाणीही कमी लागणार. उपकेंद्रातली नर्स म्हणाली, आधी दोघांचं रक्त तपासून घ्या. मी हसलो.

“घरचंच रक्त हाय बाई, त्याला काय तपासायचं?”

नातू झाला, गुटगुटीत, लालबुंद. बारशाला माझ्या निवडीचं कौतुक मीच केलं, दुसरं कुणी करेना म्हणून. सहा महिने सरले आणि पोर पांढरं पडत गेलं. आम्ही आधी दृष्ट काढली, मग दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पोटातल्या बाळाचं रक्त आधी एका इवल्या पिशवीत तयार होतं, मग यकृतात, आणि जन्म जवळ आला की हाडांच्या आत. त्या रक्तातलं हिमोग्लोबिनही वेगळं असतं. ते जन्मानंतर काही महिने पुरतं, तोवर मोठ्या माणसासारखं तयार व्हायला लागतं. इथं तेच नीट होत नव्हतं. थॅलेसेमिया. आई आणि बाप, दोघांकडूनही दोष आला की होतो. तो दोष माझ्या रक्तात निघाला, बहिणीच्याही. आम्हाला दोघांना कधी साधा त्रासही झाला नव्हता.

आता दर महिन्याला नातवाला रक्त चढवतात. सुई टोचताना तो माझंच बोट धरतो. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

मुलीला पुन्हा दिवस गेले. गर्भाची तपासणी करायला पुण्याला जायचं ठरलं. मी टोपी घालून सगळ्यांच्या आधी गाडीत बसलो. ती दाराशी थांबली.

“आबा, तुमी उतरा. डॉक्टर मला विचारतील आन् उत्तरं तुमीच द्याल.”

जावई उगाच चप्पल शोधत राहिला. मी उतरलो.

रिपोर्ट कळला तसा मुलीचा फोन बायकोला आला. ती नुसती ‘हां, हां’ करत होती आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

“आजार न्हाई म्हणं,” ती मला म्हणाली. “तुमच्यागतच हाय. दोष हाय, पर तरास न्हाई.”

फोन मागायचा धीर मला झाला नाही. नातू पळत आला, त्यानं तो आजीच्या हातातून घेतला आणि आईशी लई वेळ बोलत बसला.