अजून जरा जवळ

किड्यांचे फोटो काढणाऱ्यांकडे किस्से एवढे का साठतात, सांगू? फोटो चालू असताना जागचं हलायची मनाई असते! मुंगीच्या तोंडाशी लेन्स भिडवली की एका वेळी केसाएवढाच भाग शार्प येतो. मग कॅमेरा किंचित किंचित पुढे सरकवत ढीगभर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्या सगळ्यांचा मिळून एक करायचा. तोवर माणूस करणार काय? बोलणार!

यवतमाळात हे वेड असलेले आम्ही तिघंच. मी, झूऑलॉजी शिकवून रिटायर झालेल्या देशमुख मॅडम आणि दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर कपाशी करणारा रवी राठोड. मॅडमची मागची खोली हा आमचा स्टुडिओ.

*

शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला की त्या खोलीची भिंत थरथरायची आणि मुंगी धूसर व्हायची. शेवटी मॅडम सांगायला गेल्या, "थोडा वेळ मिक्सर नका लावू हो. मुंगीचा फोटो चालू आहे."

"मुंगीसाठी आता चटणी बंद करू काय?"

पण काकू भल्या. मिक्सर खरंच बंद ठेवला. आणि लोखंडी खलबत्ता घेऊन भिंतीला टेकून कुटायला बसल्या!

*

झरी जामणीच्या जंगलात एकदा रवीला पळसाच्या पानावर सोनकिडा दिसला. हिरवा, त्यात सोनं, त्यात निळं. सकाळच्या गारठ्यात किडे सुस्त असतात, तसा हाही निवांत होता. रवीनं श्वास धरून डोक्याकडून सुरुवात केली. डोळे झाले, मान झाली. पाठ सुरू होणार तेवढ्यात पानावर ऊन आलं आणि गडी भुर्रर्र!

फोटोत डोकं असं की हात लावावासा वाटतो. मागे नुसतं हिरवं धुकं.

"अर्धाच भेटला बा," रवी म्हणाला.

तेव्हापासून तो दरवर्षी त्या पळसापाशी जातो. मी एकदा म्हटलं, "अरे, सोनकिडे काय कमी आहेत? दुसरा काढ."

"दुसरे लय काढले. तो नाही न भेटून राह्यला!"

*

मॅडमची मुलगी कॅनडात. मॅडम तिला प्रत्येक फोटो पाठवतात. मुलगी अंगठा पाठवते. कामात असते बिचारी.

एकदा मात्र आमच्यासमोरच तिचा व्हिडिओ कॉल आला. मॅडमनी घाईघाईत फोन सवयीनं असा जवळ धरला, की पलीकडे नुसता डोळाच दिसत असणार!

"आई, तू काय मुंगी आहेस का? जरा दूर हो ना!"

मॅडम हसल्या. फोन लांब धरत म्हणाल्या, "अजून किती दूर होऊ गं?"

मी आणि रवी उगाच लेन्स पुसत बसलो.

*

रवीची आई, तो तिला याडी म्हणतो, गेल्या हिवाळ्यात दवाखान्याच्या कामासाठी यवतमाळला आली होती. परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून स्टुडिओत आली. स्क्रीनवर माशीचं तोंड होतं. म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

"माशीच्या डोळ्यातलं बी दिसते?"

"दिसते न याडी."

तिनं कमरेची पिशवी सोडून एक फोटो काढला. तांड्यातल्या कुठल्याशा लग्नाचा, काळापांढरा. मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआडून, तुरीच्या दाण्याएवढा एक चेहरा.

"हा तुहा बाप. मोठा करून दाखव."

रवी तान्हा असताना त्याचा बाप गेला. दुसरा फोटोच नव्हता. आणि हा याडीनं आजवर कुणाला दाखवला नव्हता, रवीलाही नाही.

रवी फोटोवरची नजर काढेना, म्हणून कॅमेरा मी लावला. जवळ घेतलं. आणखी जवळ. आणि चेहराच गेला! स्क्रीनभर नुसते काळेपांढरे कण.

"कुठं गेला?" याडी घाबरली.

मी हळूहळू कॅमेरा मागे घेऊ लागलो. कण एकमेकांत मिसळत गेले. कपाळासारखं काहीतरी दिसलं. मग मिशी. मग कडेला बघणारे दोन डोळे.

"थांब!" याडी म्हणाली.

खोलीत कुणी हललं नाही. रवी खुर्चीतून पुढे वाकला.

"हाच का, याडी?"

डोक्यावरची ओढणी तिनं दोन्ही हातांनी हळूच पुढे, घुंगट घ्यावा तशी पार नाकापर्यंत ओढून घेतली.