चाळीस पोती तूर आणि तिसरा सामना

साल १९६९, संक्रांतीनंतरचा पहिला शुक्रवार. जमलेली वर्गणी एकशे अडतीस रुपये. हजर चौघे: आमच्या संघाला शिकवणारे शाळेतले कवायतीचे सर, डाळ मिलचे शेठ, माझे शेजारी नाना आणि मी. जागा शेठच्या मिलची कचेरी. विषय, रविवारी साडेचारला धुळ्याच्या संघाशी होणारा बास्केटबॉलचा तिसरा सामना.

मी तेव्हा कापसाच्या एका जिनिंग प्रेसमध्ये हिशेब लिहीत असे. बास्केटबॉल मी आयुष्यात खेळलेलो नाही. चेंडू हातात घेतला तो एकदाच, तोही त्यात हवा भरायला नेताना. पण संघाची वर्गणी माझ्याकडे असायची आणि गुणही मीच लिहायचो, त्यामुळे प्रत्येक सामन्याला जाणे आले, आणि जाता जाता वेड लागले.

त्या वर्षी जळगाव आणि धुळे यांच्यात तीन सामने ठरले होते. पहिला धुळ्याला झाला. तो आम्ही ४१–४५ असा हरलो. दुसरा जळगावात झाला, तो ५२–४३ असा जिंकलो. तिसरा कुठे, तर दोन्ही सामन्यांचे गुण मिळवून ज्याचे जास्त त्याच्या गावात, असे आधीच ठरले होते. आमचे त्र्याण्णव, त्यांचे अठ्ठ्याऐंशी. म्हणून तिसरा आमच्याकडे. फक्त एक अट होती. यजमानांचे मैदान ठरल्या वेळी तयार नसेल, तर सामना पुढच्या रविवारी पाहुण्यांच्या गावात.

आता आमचे मैदान म्हणजे काय, ते सांगायला हवे. शेठच्या डाळ मिलमागे तूर वाळवायची मोठी फरशी होती. तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात पसरतात, चांगली वाळली की मग चक्कीत तिची डाळ नीट फुटते. हंगाम नसताना ही फरशी मोकळी पडायची. दोन्ही टोकांना लोखंडी पाइप रोवून त्यावर फळ्या आणि कड्या लावायला शेठनी परवानगी दिली होती. चेंडू तिथे मातीपेक्षा दीड पट उसळायचा. आमची मुले त्या उसळीला सरावलेली, आणि धुळ्याची मुले मुरमावर खेळणारी. शिवाय तुरीचे तेल फरशीत मुरलेले. दुसऱ्या सामन्यात त्यांचा उंच खेळाडू, ज्याला आमचे लोक ‘खांब’ म्हणायचे, तो तीनदा घसरला होता. जाताना बसच्या खिडकीतून ओरडला, “जळगावकर, पुढच्या वेळी कढई पण आणा, भजी तळू!”

तेव्हा धुऊन स्वच्छ केलेली कोरडी फरशी देणे हा आमच्या अब्रूचा प्रश्न होता. पण खरा प्रश्न नानांचा होता.

नाना रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा धाकटा मुलगा आमचा कप्तान. “चेंडू टोपलीत टाकायला बाप शिकवतो का रे पोराला?” असे नाना वर्षानुवर्षे म्हणत आले. मुलाचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. दुसऱ्या सामन्याला त्यांना मी हाताला धरून नेले. मुलाने पहिली टोपली केली तेव्हा ते खाली मान घालून तपकीर ओढत होते. दुसरीला त्यांनी मान वर केली. तिसरीनंतर ते बाकावर उभे राहिले आणि सामना संपेपर्यंत बसलेच नाहीत. त्यानंतर रोज संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसत आणि नियम विचारत. “पाय टेकवून फिरलं तर चालतं, आन उचलून टेकवलं तर नाही, हे कसं काय?” मलाही नीट सांगता येत नसे.

आणि आता मुलाला बडोद्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी सुरतेच्या गाडीने निघायचे होते. रविवारी सामना झाला नाही, तर तो धुळ्याला, त्याच्याशिवाय. नानांनी मुलाचा एकच सामना पाहिला, असे झाले असते.

शुक्रवारच्या त्या बैठकीत सगळे ठीक होते. वर्गणीतून धुळेकरांचे जेवण, म्हणजे भरीत, पुरी आणि मठ्ठा, शिवाय बाकांचे भाडे. फरशीवर तूर पसरलेली होती, पण शेठ म्हणाले, “उद्या दुपारपर्यंत वाळते. उद्या संध्याकाळी फरशी तुमची.”

शनिवारी ऊन पडलेच नाही. त्याआधीचे दोन दिवसही ढगाळच गेले होते. संध्याकाळी आम्ही चौघे फरशीवर उभे राहिलो. शेठनी मूठभर तूर उचलली, एक दाणा दाताखाली धरला आणि मान हलवली.

“ओली आहे. चाळीस पोती माल आहे सर. रात्रीपुरता ताडपत्रीखाली ठेवीन, पण उद्या ऊन नाही दिलं तर आतून गरम पडेल. वास धरला की बाजारात कोण विचारतं?”

सर म्हणाले, “अर्धी फरशी तरी?”

“अर्ध्या फरशीवर अर्धा सामना खेळता का?”

नाना वर आभाळाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “जाऊ द्या शेठ. माल तुमचा शे. आमचं काय, खेळ.” आणि चालू लागले. त्यांचे ते ‘खेळ’ म्हणणे मला फार लागले.

घरी आल्यावर बायकोला सगळे सांगितले. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “आपल्या धाब्यावर दरवर्षी दहा पायल्यांच्या कुरडया वाळतात. तिथे तूर वाळणार नाही का?”

खानदेशातली जुनी घरे धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. आमच्या गल्लीत तशी एकतीस घरे होती. मी मनात भागाकार करून पाहिला. घरटी सव्वा पोत्याहून थोडे जास्त. हात धुतले आणि पुन्हा शेठकडे गेलो.

शेठनी ऐकून घेतले. हसले नाहीत. दोन अटी घातल्या. माल जाताना वजन करून जाईल आणि येतानाही वजन करून येईल. आणि सामना सुरू होण्याआधी सगळा परत आला पाहिजे. “साडेचारला सगळी गल्ली इथे असणार. मग धाब्यावर राखण कोण करेल, माकडं?”

मी कबूल झालो. घरोघरी फिरून सांगितले: ज्या वजनाची तूर न्याल, ती मोजून परत आणायची. माझे शब्द अगदी हेच होते. पंधरा वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाचे शब्द.

रविवारी ऊन पडले. पहाटेच मी तीनदा बाहेर येऊन आभाळ पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी नाना समोरच्या ओट्यावर आधीच उभे. “दिसी ऱ्हायना का सूर्य?” “दिसेल नाना.” “तू गणित करस, सूर्याचं बी करी टाक.”

सात वाजल्यापासून अर्धी अर्धी पोती पाठीवर, डोक्यावर, सायकलच्या दांड्यावर टाकून गल्लीत आली. शिड्या लागल्या. धाब्यांवर धोतरे, चादरी, लुगडी अंथरली गेली आणि त्यावर तूर. म्हाताऱ्या काठ्या घेऊन कबुतरे हाकायला वर जाऊन बसल्या. एका धाब्यावरून दुसऱ्या धाब्यावर बोलणे सुरू झाले.

“ओ आक्का, तुमची तूर जास्त लाल दिसते!”

“लाली पाहू नको, तुझ्या कोपऱ्यात कबुतर बसलं बघ. धुळ्याचं असेल, हाकल!”

तिकडे सरांनी मुलांना घेऊन फरशी धुवायला काढली. धुण्याचा सोडा, चुलीची राख आणि उकळते पाणी. दोनदा धुतली. अकराला सर स्वतः चप्पल काढून त्यावर पळून पाहत होते. नंतर चुन्याने रेघा मारल्या. कप्तान एकाच जागेवरून कडीत चेंडू टाकत होता. सर म्हणाले, “दमशील.” तो म्हणाला, “उद्यापासून आरामच आहे सर.”

दुपारी दोनला धुळ्याची बस आली, मागे समर्थकांचा एक ट्रक. एरंडोलला चहा पिऊन आले होते आणि घसे तयार होते. ‘खांब’ उतरला आणि आधी फरशी पाहायला गेला. बूट घासून पाहिला. “कढई नाही वाटतं आज?” “धुऊन ठेवलीय,” आमचा एक जण म्हणाला, “तुम्हाला परत जाताना देऊ.” त्यांनाच आधी जेवायला बसवले. भरीत पाहिल्यावर ट्रकमधली भांडणाची भाषा बरीच खाली आली.

तीनला गल्ली निघाली. सामन्याला गर्दी जाताना मी अनेकदा पाहिली आहे, पण पोती डोक्यावर घेऊन जाणारी ती एकच. बायका, म्हातारे, नवीन सुना, दोन पोलीस शिपाई, एक न्हावी. धुळेकर दोन्ही बाजूंना उभे राहून बघत होते. एकाने विचारले, “जळगावात तिकिटाला तूर लागते का?” “हो,” माझी बायको म्हणाली, “आणि हरणाऱ्याला डाळ मिळते.”

फाटकाशी काटा लावला होता. मी नावे आणि वजने वाचत होतो, शेठचे मुनीम काट्यावर. पहिले घर बरोबर. दुसरे बरोबर. दहा घरे झाली, सगळी बरोबर. मला मोठे समाधान वाटत होते. शेठ मात्र जवळ आले आणि पोत्यात हात घातला. दाणा चावला. कटकन वाजला.

“वाळली आहे,” ते म्हणाले.

“चांगली वाळली,” मी म्हणालो.

“मग वजन कसं घटलं नाही?”

मी वहीकडे पाहिले आणि माझे कान गरम झाले. ओला माल वाळला की हलका होतो. ही गोष्ट कापसाच्या गाठींत रोज बघणारा मी, कालच्या घाईत सांगायला विसरलो होतो. गल्लीने माझे शब्द प्रमाण मानले. दुपारी कोणी घरच्या तराजूवर तोलून पाहिले, कोणी हातानेच अंदाज घेतला. कमी भरते म्हटल्यावर चोरीचा आळ नको म्हणून प्रत्येकाने आपल्या घरच्या कोठीतली तूर वर घातली होती. कोणीच कोणाला बोलले नव्हते.

नानांचे पोते काट्यावर आले. ते तर दोन किलो जास्त भरले.

“नाना,” शेठ म्हणाले, “हे काय?”

“मना पोत्यामुळे मॅच अडाले नको,” नाना म्हणाले. “थोडी वर टाकी. पोरगा सोमवारी चालना. घरात इतकी तूर खाणार कोण?”

शेठनी नानांच्या पोत्यातली मूठभर तूर तळहातावर पसरून पाहिली. मला वाटले आता माल बिघडला म्हणून रागावतील. बिनतेलाची तूर मिसळली होती. पण ते मुनिमाला म्हणाले, “ही फुटणार नाही, आख्खी निघेल. वेगळी काढू, पुन्हा तेल लावू. त्याचं काही नाही. पण घट किती धरायची?”

मुनीम म्हणाले, “पोत्यामागे दीड किलो.”

चाळीस पोत्यांचे साठ किलो. त्यात नानांचे दोन. गल्लीची बासष्ट किलो तूर शेठच्या मालात आली होती. त्या दिवशीचा भाव किलोला एक रुपया दहा पैसे. मी तिथेच गुणाकार केला. शेठनी कमरेची थैली सोडली आणि अडुसष्ट रुपये वीस पैसे मोजून काढले.

“कोणाचे किती, सांगा.”

कोणी सांगेना. “आमची घटली नव्हतीच.” “आमच्या धाब्यावर ऊनच कमी.” त्या दोन शिपायांपैकी एक म्हणाला, “आमच्या घरी तूर नसतेच, आम्ही मूग खातो.” तेवढ्यात सरांची शिट्टी वाजली, चार वीस झाले होते आणि दोन्ही संघ फरशीवर उभे होते. रांगेतून कोणीतरी ओरडले, “नानांच्या हातात द्या हो! पोरगा परगावी चाललाय, त्याला द्या!” आणि सगळी गल्ली हो हो म्हणत फरशीकडे पळाली.

नाना नको म्हणत होते. मुलाला द्यावे तर तो खेळाच्या कपड्यांत, त्याला खिसा नाही. शेठनी पैसे नानांच्या मुठीत कोंबले, मूठ मिटवली आणि त्यांना सर्वांत पुढच्या बाकावर नेऊन बसवले.

सामना साडेचारला, ठरल्या वेळी सुरू झाला. ‘खांब’ एकदाही घसरला नाही आणि त्याने आम्हाला फार त्रास दिला. गुण माझ्याच हाताने लिहिलेले आहेत, ४९–४८, आमच्या बाजूने. पण माझे अर्धे लक्ष नानांकडे होते. मुठीत पैसे असल्यामुळे त्यांना टाळ्या वाजवता येईनात. मुलाने टोपली केली की ते डाव्या हाताने त्या बंद मुठीवर मारायचे. शेवटी शेठनी आपली मांडी पुढे केली. “इथे मारा,” म्हणाले. “दोघांनाही बरं पडेल.”

सोमवारी सकाळी जळगाव स्टेशनवर आम्ही वीसेक जण होतो. तिकीट नानांनी आपल्या पैशाने काढले. गाडी सुटायच्या आधी त्यांनी मुलाला खिडकीतून हात बाहेर काढायला सांगितला आणि त्यात अडुसष्ट रुपये वीस पैसे ठेवले. मुलाने मोजले नाहीत. नाना म्हणाले, “मोज. गल्लीचे पैसे शेत.” त्याने मोजले. बरोबर होते.